ध्रुवप्रकाश आणि रेडिओच्या लहरी

आमच्या शिरपुरास ‘अंतरिक्ष’ हा शब्द नवा नाहीं. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळें तो लहान मुलांच्याहि तोंडीं असतो. आज त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचा आमचा हेतु आहे. शाळेंतील पृथ्वीचा गोल पुढें घ्यावा, शिरपुरावर बोट ठेवावें आणि तें सरळ दक्षिणेकडे ओढीत न्यावें. त्रिवेंद्रमपाशीं जमीन संपेल. पुढें एखादें चिमुकलें बेट सोडलें तर सर्व पाणीच पाणी. आणि अखेर बोट अंटार्क्टिकाच्या बर्फाळ किनाऱ्यास लागेल. तेथें त्या रेषेपासून जेमतेम एक अंश बाजूस ‘भारती’ हें आपल्या देशाचें संशोधनकेंद्र २०१२ सालापासून उभें आहे. अंतर सुमारें १०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा चवथा भाग.

एवढ्या दूरच्या माणसाशीं बिनतारी यंत्रानें बोलावयाचें तर लहर जावी कशी? लहरी सरळ जातात आणि पृथ्वी तर वाटोळी. सुमारें ६० किलोमीटरपासून कित्येकशें किलोमीटर उंचीपर्यंतच्या विरळ हवेंत सूर्याच्या किरणांनीं इलेक्ट्रॉन मोकळे झालेले असतात. या पट्ट्यास आयनांबर म्हणतात. त्याचे वरचे थर लघुलहरींना वळवून पुनः जमिनीकडे पाठवितात, आणि चेंडूनें टप्पे घेत जावें तशी लहर समुद्र ओलांडते. इंग्लंडांत ॲपल्टन यांनीं १९२४ सालीं प्रयोगानें हें आयनांबर सिद्ध केलें. त्यांस १९४७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु ६० ते ९० किलोमीटरमधील खालच्या थराचा स्वभाव निराळा. तेथील हवा त्या मानानें दाट. लहर आली कीं इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हेलकावूं लागतात, पण तिची शक्ति परत देण्यापूर्वींच ते हवेच्या रेणूंवर आदळतात, आणि ती शक्ति उष्णतेच्या रूपानें तेथेंच जिरून जाते. आपल्याकडे हा थर दिवसा असतो व सूर्य मावळल्यावर विरतो. ज्यांच्या घरीं जुना रेडिओ होता त्या वडील मंडळींस आठवत असेल कीं, जीं दूरचीं केंद्रें भर दुपारीं लागत नसत, तींच रात्रीं खणखणीत ऐकूं येत.

ध्रुवाकडे मात्र रात्रीचा हा भरंवसा नाहीं. सूर्याकडून वाहणारा विद्युद्भारित कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रास खवळवितो. तेथें वेग मिळालेले इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या रेषा धरून ध्रुवांभोंवतालच्या कड्यांत उतरतात. १०० ते ३०० किलोमीटर उंचीवर ते ऑक्सिजनच्या अणूंवर आदळले म्हणजे हिरवा व तांबडा प्रकाश झळकतो, हाच ध्रुवप्रकाश. त्यांतील अधिक जोरकस कण आणखी खालीं, त्या लहरी गिळणाऱ्या थरापर्यंत पोंचतात आणि ऐन मध्यरात्रीं दुपार करून टाकतात. आकाशांत रंगांचे पडदे हलत असतां कानाशीं धरलेलें यंत्र मुकें होतें! खरें पाहतां दिसणारा प्रकाश हा चोर नव्हे. तो चोराच्या हातांतील कंदील आहे. सूर्यावर मोठा स्फोट झाल्यास प्रोटॉनहि कांहीं तासांत ध्रुवप्रदेशांवर येऊन पडतात, आणि लघुलहरींचें दळणवळण कधीं कधीं कित्येक दिवस बंद राहतें.

हें केवळ शास्त्रज्ञांचें कुतूहल नव्हे. २५ मे १९२८ रोजीं ‘इटालिया’ हें वायूनें भरलेलें हवाई जहाज उत्तर ध्रुवावरून परततांना बर्फावर आदळलें. तेथें वांचलेल्या नऊ जणांजवळ लघुलहरींचें एक लहानसें यंत्र होतें. त्यांची आगबोट स्पिट्सबर्गेनच्या बंदरांत, अवघ्या तीनचारशें किलोमीटरांवर उभी होती. परंतु मदतीच्या हांका तिला ऐकूं गेल्या नाहींत. ३ जून रोजीं त्या ऐकल्या त्या रशियांतील एका खेड्यांत आपलें यंत्र लावून बसलेल्या निकोलाय श्मिट या हौशी तरुणानें! आगबोटीवरील मंडळींनीं नीट कान दिला नाहीं, असा दोष पुढें पुष्कळ वर्षें दिला गेला. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्या दिवसांतील आयनांबराची व भूचुंबकत्वाची स्थिति तपासली, तेव्हां ती प्रतिकूल असल्याचें आढळलें. वर गेलेली लहर दूरवर उतरते व मधला पट्टा निःशब्द राहतो. आगबोट त्या पट्ट्यांत सांपडली होती. तंबूंत उरलेल्या माणसांची सुटका व्हावयास १२ जुलै उजाडला.

आतां अंटार्क्टिकाशीं उपग्रहाद्वारें बोलतां येतें, व त्या फार आखूड लहरींस हा थर अडवीत नाहीं. तथापि ध्रुवाच्या अगदीं जवळून उडणाऱ्या विमानांस विषुववृत्तावरील स्थिर उपग्रह दिसेनासे होतात, आणि लघुलहरींचाच आधार घ्यावा लागतो.

आकाश किती लहरी गिळतें हें मोजण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. ‘मैत्री’ या आपल्या दुसऱ्या अंटार्क्टिक केंद्रावर त्यासाठीं रिओमीटर नांवाचें यंत्र बसविण्यांत आलें. तें कांहीं पाठवीत नाहीं. आकाशगंगेकडून सदैव येणारी रेडिओची मंद खरखर तें नुसतें ऐकत राहतें. ती एकाएकीं क्षीण झाली कीं मधला थर दाट झाला असें समजावें. हें काम करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्या पनवेलास आहे, आणि तिचें मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत.

त्या वेधशाळेची एक नोंद जगभर अभ्यासिली जाते. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळांत निरीक्षक तेथें डोळ्यांनीं वाचून आंकडे टिपीत होते. अशा वादळांत पृथ्वीभोंवतीं, विषुववृत्ताच्या वर फार उंच, विद्युत्प्रवाहाचें कडें बळावतें व आपल्याकडील चुंबकीय बल उतरतें. त्या दिवशीं तें शेंकडा चारच्या सुमारास उतरलें. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळांत तर मुंबईच्या आकाशांतहि ध्रुवप्रकाश दिसल्याची नोंद आहे. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामी येणार असें ठरतांच त्यांच्या प्रवाहानें सुया बिघडूं नयेत म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत, १९०४ सालीं, हें काम अलिबागेस नेलें. दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकदम निरीक्षणें करून जुन्या व नव्या आंकड्यांचा मेळ घातला. १० मे २०२४ च्या रात्रीं लडाखांतील हानले येथून तांबडी झळाळी टिपली गेली, ती अशाच एका मोठ्या वादळाची. शिरपुरास तिचें दर्शन होणें शक्य नव्हतें. अलिबागेस मात्र त्या वादळाची रेघ उमटते.