वादकाचें स्मरण

दिवंगत वादकाचें स्मरण उपासनेंत केलें, तर मनुष्याचा गौरव देवाच्या गौरवाआड येणार नाहीं काय? एका दाखल्यावरून पाहूं.

योहान सेबास्टियन बाख हा तरुणपणीं आर्नस्टाट, म्यूलहाउझेन व वायमार येथें ऑर्गनवादक होता. १७२३ पासून १७५० सालीं मरेपर्यंत त्यानें लाइपझिग येथें मंडळीच्या संगीताची सेवा केली. कित्येक हस्तलिखितांच्या शेवटीं तो ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाचीं अक्षरें लिही. त्याच्या कबरेवर मात्र नांवाचा दगडहि नव्हता. ६ ऑगस्ट १८४० रोजीं तेथील सेंट थॉमस मंदिरांत फेलिक्स मेंडेल्सझोन यानें स्मारकनिधीसाठीं एकट्यानें ऑर्गनवर बाखच्या रचना वाजविल्या. स्मारक १८४३ सालीं उभें राहिलें. पण बाखची सेवा त्या दिवशींच पुन्हां ऐकूं आली.

देवणीकडील आमच्या मंडळ्यांत ऑर्गनचें काम बाजाची पेटी करते. वारा थांबला कीं दोहोंचा स्वर थांबतो. म्हणून आम्हांस वाटतें, पेटीवाला प्रभूकडे गेला, तर त्यानें बसविलेलीं गायनें एखाद्या रविवारीं दुसऱ्यानें वाजवावीं, आणि त्याच दिवशीं एका लेंकराला पेटीपुढें बसवावें. असें केल्यानें मनुष्याची स्तुति न होतां त्याची सेवा पुढें चालते.