दुसरं प्रॉडक्ट काढताय? आधी 'स्पेलंकी २' बघा

'स्पेलंकी' म्हणजे गुहेत उतरून खजिना शोधायचा गेम. अमेरिकेच्या डेरेक यू यांनी २००८ मध्ये तो फुकट दिला. लोकांना आवडला, तेव्हा २०१२ मध्ये सुधारून विकायला काढला. २०२० मध्ये आला 'स्पेलंकी २'.

नवीन काय? नायकाची मुलगी, चंद्रावरच्या गुहा, स्वारीला टर्की पक्षी.

तसंच काय ठेवलं? दर वेळी बदलणारी गुहा, आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून. गेमची खरी मजा तीच!

आजचा गृहपाठ: नव्या मालात भांडवल घालण्याआधी दहा जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, "परत माझ्याकडेच का येता?" जे उत्तर सारखं येईल, त्याला हात लावू नका. बदल बाकीच्यात करा.