सफाईआधी डाउनलोड्स उघडून बघा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला सगळाच कचरा दिसायला लागतो. काही वर्षांपूर्वी शिमग्यात आमच्या घरी असंच झालं. पालखीसाठी मुंबईहून भाचा आला होता. आमचं घर हातखंब्याचं. रत्नागिरीहून येणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो तो तिठा जवळच, त्यामुळे जाता-येता आंब्याची पेटी घेणारं गिऱ्हाईक असतंच. पण हंगाम खरा चालतो तो पुण्या-मुंबईच्या ठरलेल्या घरांवर. कुणाला किती पेट्या, कुणाचे पैसे यायचे राहिलेत, कुणाला अक्षय्य तृतीयेच्या आत आंबा हवा, हे सगळं वहिनींच्या एका एक्सेलच्या यादीत असतं.

"मामा, याच्यात जागाच उरली नाहीये. साफ करून देतो," भाचा म्हणाला. डिस्क क्लीनअप उघडलं, यादीतल्या सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि ओके दाबलं. बरीच जागा मोकळी झाली, मशीनही हलकं वाटायला लागलं. संध्याकाळी वहिनी कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "भावोजी, माझी यादी कुठे गेली?"

यादी होती डाउनलोड्समध्ये. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उतरवली की ती सहसा तिथेच जाते. वहिनी ती तिथेच उघडायच्या, तिथेच भरायच्या, तिथेच सेव्ह करायच्या. महामार्गाच्या चौपदरीकरणात गेलेल्या जमिनीचे स्कॅन केलेले कागद त्याच फोल्डरमध्ये, सातबारेही तिथेच. आता डाउनलोड्स हे काही टेम्पररी फाइलींचं फोल्डर नव्हे. पण विंडोज १० ची ऑक्टोबर २०१८ ची आवृत्ती आली तेव्हा डिस्क क्लीनअपच्या यादीत या फोल्डरचीही एक ओळ आली. त्या चौकटीत आपणहून खूण नसते. मात्र वरपासून खालपर्यंत खुणा करत सुटणाऱ्याच्या तावडीत ती सापडतेच. मे २०२० च्या आवृत्तीत ही ओळ डिस्क क्लीनअपमधून काढली गेली. आमचं मशीन मात्र अपडेट पुढे ढकलत आलेलं. आणि नवं मशीन असणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये, कारण सेटिंग्जमधल्या सफाईच्या पानावर डाउनलोड्सची ओळ अजूनही आहे.

या वाटेने गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट पुसली जाते. भाच्याला मी फारसा दोष देत नाही. त्याने ओळी वाचल्या नाहीत हे खरं, पण गिऱ्हाइकांची यादी कायमची तिथे राहते आहे हे त्याला कोण सांगणार होतं?

वाचलो ते दोन कारणांनी. जमिनीचे मूळ कागद ट्रंकेत होते. आणि वहिनींनी यादी मध्यंतरी पुण्याच्या नणंदेला ईमेलने पाठवली होती, ती सेंटमध्ये सापडली. नंतरच्या नोंदींसाठी घरोघरी फोन करावे लागले. स्वतःची थकबाकी गिऱ्हाइकालाच विचारणं किती अवघड असतं, ते धंदा करणाऱ्याला सांगायला नको. म्हणून तुमची फाइल अशी गेलीच, तर आधी सेंट मेल, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फाइली आणि दुसऱ्याचा फोन धुंडाळा. तिथे नसेल तर मशीन बंद करा आणि वापरूच नका. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेला मजकूर त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असतो, त्यामुळे फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवणं म्हणजे उरलंसुरलं आपल्याच हाताने पुसणं. एसएसडी असेल तर ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा लगेच रिकामी करून टाकते. आशा फार धरू नका.

त्यानंतर गावातल्या बऱ्याच घरांतली मशीनं मी स्वतः साफ करून दिली. कलमाखालचा पातेरा झाडताना आधी पडलेलं फळ वेचून घेतात, तसं मी आधी डाउनलोड्स आणि डेस्कटॉप त्या घरच्या माणसाला शेजारी बसवून बघतो. कामाचं असेल ते डॉक्युमेंट्समध्ये हलवायचं आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची.

आपली फाइल नकळत खऱ्या टेम्प फोल्डरमध्येही जाऊन बसलेली असते. झिप न सोडता आतली फाइल दोनदा क्लिक करून उघडली, की विंडोज तिची प्रत टेम्पमध्ये काढून दाखवतं. आउटलुकमध्ये मेलची जोडफाइल परस्पर उघडली तरी ती अशाच एका लपलेल्या फोल्डरमधून उघडते. तिथेच दोन तास आकडेमोड करून सेव्ह दाबलं तर काम उद्याच्या सफाईत जाणार. झिप आधी सोडून घ्या, जोडफाइल आधी सेव्ह करा, मग तिला हात लावा.

सफाई करायची तर मशीन आधी रीस्टार्ट करा. अर्धवट राहिलेली इन्स्टॉलेशनं आणि अपडेटं त्याने मार्गी लागतात. मग सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जा. येणाऱ्या यादीतली प्रत्येक ओळ वाचा, डाउनलोड्सवर खूण नाही ना ते पाहा, रिसायकल बिनही आत डोकावल्याशिवाय रिकामं करू नका. थंबनेल्स गेली तर बिघडत नाही, ती पुन्हा तयार होतात. तिथेच स्टोरेज सेन्स नावाची आपोआप सफाई असते. ती चालू असेल तर डाउनलोड्सच्या पुढे 'नेव्हर' निवडलेलं असू दे.

रील बघून आलेली मुलं विंडोजचं बटण आणि आर दाबतात, टक्क्याच्या दोन खुणांमध्ये टेम्प लिहितात आणि सगळं निवडून शिफ्ट-डिलीट मारतात. टेम्प असं रिकामं करायला हरकत नाही, पण सगळे प्रोग्रॅम बंद करून आणि नुसतं डिलीट दाबून; म्हणजे काही चुकलं तर बिनमधून परत काढता येतं. 'फाइल वापरात आहे' असं आलं की स्किप करायचं, हट्ट करायचा नाही. त्याच रीलमध्ये प्रीफेच पुसायला सांगतात. त्याने काही मिळत नाही, ते फोल्डर विंडोज स्वतः सांभाळतं. विनएसएक्सएस नावाचं जाडजूड फोल्डर दिसलं तरी हाताने पुसू नका, विंडोजच बिघडेल.

विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरबद्दल थोडं सविस्तर सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि अनेकांनी विंडोज ११ घेतलं. जुनं विंडोज या फोल्डरमध्ये राहतं, त्याच्यामुळे दहा दिवसांत मागे फिरता येतं, आणि नंतर ते आपोआप जातं. मात्र दुकानात फॉरमॅट न करता नव्याने विंडोज टाकून दिलं असेल, तर तुमचे जुने फोटो आणि कागद याच्याच आत, यूझर्समध्ये अडकलेले असू शकतात. दुकानातून मशीन घरी आलं की त्याच दिवशी तिथे बघा.

ब्राउझर साफ करतानाही घाई नको. फक्त कॅशच्या ओळीवर खूण करा. कुकीजवर केलीत तर सगळीकडून लॉगआउट व्हाल, पासवर्डच्या ओळीवर केलीत तर साठवलेले पासवर्ड जातील, आणि मग घरातल्या म्हाताऱ्यांच्या ओटीपीची वाट बघत बसा.

फुकटचे 'क्लीनर' मी कुणाच्याही मशीनवर टाकत नाही. २०१७ मध्ये सीसीक्लीनरसारख्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ आवृत्तीत कंपनीच्याच सर्व्हरवरून घातक कोड गेला होता, सुमारे २२ लाख ७० हजार लोकांकडे. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

आणि आमच्याकडचं म्हणून एक: पावसाळ्यात लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नसतो. अपडेटच्या जुन्या फाइलींची सफाई जुन्या मशीनवर बराच वेळ घेते. यूपीएस किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली नसेल, तर ढग गडगडत असताना ती सुरू करू नका.

इतकं करूनही महिन्याभरात पट्टी पुन्हा लाल होत असेल, तर ते काम टेम्पररी फाइलींचं नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत जागा खात होते ते लग्नाचे आणि पालखीचे व्हिडिओ. फाइली आकारानुसार लावून बघा, व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा, नाहीतर मोठा एसएसडी बसवून घ्या. आणि जुना ड्राइव्ह दुकानात सोडून येऊ नका, मागून घ्या.