घरून काम आणि घरचा संगणक

संगणक घ्यायचा म्हटले की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणत्या कंपनीचा घ्यावा?" माझ्या मते हा प्रश्न शेवटचा असायला हवा. घरी बसून आपण नेमके काय करणार आणि काम देणारा ते कोणत्या रूपात मागणार, हे आधी ठरवावे. त्याशिवाय यंत्र निवडणे म्हणजे पायाचे माप न घेता चपला आणण्यासारखे आहे.

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि घरून काम ही गोष्ट संगणक-अभियंत्यांपुरती राहिली नाही. कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही आज भाषांतर, मुद्रितशोधन अशी कामे घरबसल्या मिळतात. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो आणि एका छापखान्याची मुद्रिते तपासतो. वर्षाची फी त्यातूनच निघते. तेव्हा माझ्यापुरता तरी हा विषय केवळ अभ्यासाचा नाही.

आमच्या घरी २०१६ सालचा संगणक आहे. त्यावर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित आधार थांबवला. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या फटी बुजवल्या जात नाहीत, आणि दुसऱ्याचे अप्रकाशित लिखाण अशा यंत्रावर ठेवणे बरे नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठराविक यादीतला प्रोसेसर लागतो. आमचा प्रोसेसर त्या यादीत नाही. म्हणजे नवे यंत्र घ्या, नाही तर दुसरी कार्यप्रणाली पाहा.

ॲपलचे यंत्र उत्तम, पण किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. शिवाय त्याच्या लॅपटॉपची स्मृती मागाहून वाढवता येत नाही. राहिले लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा आरंभ केला. ते मोफत मिळते. पेनड्राइव्हवर घेऊन, मूळ यंत्राला हात न लावता चालवूनही पाहता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते. वायफाय, ध्वनी, कॅमेरा चालतो की नाही हे एका संध्याकाळी कळते.

आता मराठीचा प्रश्न. येथेच खरी मेख आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून 'क' कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजप्रमाणे लिनक्सवरही मिळतो. परंतु छापखान्यांतून चालत आलेल्या जुन्या फॉन्टांची गोष्ट निराळी. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की ज्ञानेश्वरीवरचा लेखही अगम्य रोमन चिन्हांचा ढिगारा दिसतो! ज्यांना अशा फायलींत थेट जुळणी करायची आहे, त्यांनी विंडोजच ठेवावे, असे मी स्पष्ट म्हणेन.

भाषांतराचे तसे नाही. ट्रॅडॉस हे साधन विंडोजसाठी आहे आणि एखाद्या संस्थेने त्याचाच आग्रह धरला तर इलाज नाही. पण ओमेगाटी मोफत आहे आणि तिन्ही प्रणालींवर चालते. लिबरऑफिसात वर्डची फाइल उघडते, कधी कधी तक्ते मात्र सरकतात. म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी नमुन्याची एक फाइल मागवून ती पुन्हा पाठवून पाहावी.

यंत्राविषयी थोडक्यात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे, हा जुन्या संगणकावरचा सर्वांत सार्थ खर्च. स्मृती ४ जीबीची ८ जीबी करावी. शब्दकोश, ब्राउझर आणि बैठकीचे चित्र एकदम चालवायचे तर ४ अपुरी पडते. वीज जाणाऱ्या गावात टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवाच. लॅपटॉपवाल्यांना ती चिंता कमी, मात्र मान मोडते. त्यांनी वेगळा कळफलक घेऊन पडदा डोळ्यांच्या उंचीला आणावा.

या हिशेबाने मी एसएसडी आणि स्मृती घेऊन लिनक्सकडे वळायचे ठरवले. अडचण उरली छापखान्याची, कारण त्यांचा मजकूर जुन्याच फॉन्टात असतो. मी त्यांना मुद्रिते पीडीएफ रूपात मागितली. त्यात फॉन्टचे आकार फाइलबरोबरच येतात, त्यामुळे ती कुठेही जशीच्या तशी दिसतात आणि दुरुस्त्या टिपणांच्या रूपाने समासात लिहिता येतात. छापखान्याने ते मान्य केले आहे. पहिला फॉर्म सोळा पानांचा आला.