मढे घाटाची सहल : आधी यादी माणसांची, मग डब्यांची

पाऊस सुरू झाला की आपल्या विहारांत आणि महिला मंडळांत एका दिवसाच्या सहलीची बोलणी निघतात. भोर-वेल्हे भागात जायचे म्हटले की मढे घाटाचे नाव हमखास येते. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून वेल्हे आणि तिथून पुढे केळद, असा हा पुण्यापासून ६०-७० किलोमीटरचा रस्ता. केळदच्या पुढे घाटमाथ्यावरून लक्ष्मी धबधबा कोकणाच्या बाजूला कोसळतो. १६७० च्या सिंहगडाच्या लढाईनंतर तानाजी मालुसरे यांचे पार्थिव याच वाटेने उमरठला नेले, म्हणून 'मढे' घाट, असे सांगतात.

सहलीची यादी करताना आपण नाव लिहितो आणि पैसे जमा झाल्याची खूण करतो. कोणाला काय आजार आहे, हे विचारत नाही. तो रकाना आधी भरा. गाडी किती आसनांची लागेल, पुलाव करायचा की चटणी-भाकरी, हे नंतर ठरले तरी चालते.

पहिला निर्णय महिन्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबा भरात असतो आणि धोकाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने भोर, वेल्ह्यासह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर पावसाळी निर्बंध घातले. असे आदेश दरवर्षी बदलतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात फोन करून विचारावे आणि हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर सहल रद्द करावी. गाडीचे आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर बुडू द्यावेत. लहान मुले आणि साठीच्या पुढची माणसे असलेल्या गटाने सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरावा, असे माझे मत आहे. तेव्हा पाणी असते आणि वाट बरीचशी वाळलेली असते.

दुसरा निर्णय चालण्याचा. केळदहून घाटमाथ्यावर जाऊन धबधबा लांबून पाहणे आणि परत येणे, ही एक सहल. मढे घाटाने कोकणात कर्णवडीला उतरून उपांड्या घाटाने पुन्हा वर चढणे, ही अगदी वेगळी सहल. दुसरीला पाच-सहा तास लागतात आणि उतारावर गुडघ्यांची परीक्षा होते. दोन्हींचा गोंधळ करू नये. ज्यांना चार मजले जिने न थांबता चढता येत नाहीत, चढताना छातीत दाबल्यासारखे वाटते, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे आणि सहलीत माथ्यावरच राहावे. गटाचा वेग सर्वांत मागे चालणाऱ्याच्या वेगाने ठरवायचा. दुपारी दोन वाजता असू तिथून मागे वळायचे, हेही गाडीत बसतानाच सांगून टाकावे.

आता आजारांचा रकाना. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी चालू नये. चालण्यानेच साखर उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, विनाकारण चिडचिड होणे या खुणा दिसल्या की लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. दमेकऱ्याचा पंप त्याच्या स्वतःच्या खिशात हवा, गाडीतल्या पिशवीत नको.

सिकलसेलबद्दल मात्र थोडे जास्त बोलायला हवे. विदर्भातून पुण्यात आलेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत आणि हा आनुवंशिक आजार अनेक आदिवासी समाजांप्रमाणे आपल्यातही आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम आणि गारठा ही त्याची मोठी कारणे. धबधब्याच्या सहलीत तिन्ही एकत्र येतात. दिवसभर पाण्यात खेळलेले मूल रात्री हातपाय आणि पाठ दुखते म्हणून ओरडू लागते. घरचे म्हणतात, दमला असेल, चोळून देतात आणि सकाळपर्यंत थांबतात. वॉर्डात असताना अशी मुले मी पाहिली आहेत.

'एसएस' रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नये. आला तर गार पाण्यात भिजू नये आणि तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहावे. अंग दुखू लागले तर कोरडे कपडे, ऊब, पाणी आणि थेट दवाखाना. ताप किंवा छातीत दुखणे असेल तर एक तासही घालवू नये. 'एएस', म्हणजे वाहक, असलेल्यांना बहुधा काही त्रास नसतो. त्यांनी जरूर यावे, पण चढावर शर्यत लावू नये आणि पाणी भरपूर प्यावे. अडचण अशी की सोयरीक मोडेल या भीतीने पुष्कळ घरांत तपासणीचे कार्ड कपाटात लपवून ठेवतात. म्हणून हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत सर्वांसमोर विचारू नका. एका ताईने एकेकाशी बाजूला बोलून विचारावे आणि कळलेले स्वतःजवळच ठेवावे.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर भगिनींसाठी एक गोष्ट. वाटेत संडास नसतो म्हणून आपण पाणीच पीत नाही. मग डोके दुखते, पायांत गोळे येतात, दोन दिवसांनी लघवीला जळजळ होते. निघताना वेल्ह्यात थांबा ठरवावा आणि दोन साड्या व दोरी बरोबर घेऊन आडोसा करावा. पाळी असली तरी यायला हरकत नाही. जास्तीचे पॅड आणि वापरलेले परत आणायला पिशवी ठेवावी. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी हवे. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे.

धबधब्याच्या कडेला शेवाळ असते. तिथे फोटोसाठी उभे राहू नये. पाणी अचानक गढूळ झाले, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, तर वर कुठेतरी पाऊस झाला आहे असे समजून लगेच बाहेर पडावे. डोक्यावर ऊन असले तरीही. कोणी वाहू लागला तर मागोमाग उडी मारू नये. दोर, साडी, ओढणी फेकावी.

साप चावला तर जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत, कारण सूज चढते. हाड मोडल्यावर बांधतो तसा हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नये आणि माणसाला उचलून न्यावे. चावल्याची वेळ कागदावर लिहावी. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही. १०८ ला फोन करताना आपण घाटाच्या वर आहोत की खाली, हे आधी सांगा. घाटमाथा पुणे जिल्ह्यात येतो, तर खाली कोकणात रायगड जिल्ह्यातला महाड तालुका लागतो. वर असाल तर वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे, खाली उतरला असाल तर महाड. डोंगरात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून केळदमधल्या एखाद्या घरी आपण किती जण आहोत आणि किती वाजता परतणार, हे सांगूनच पुढे जावे. गावातलाच वाटाड्या घेतला तर त्याला दिलेले पैसे सत्कारणी लागतात.

घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन जखमा पाहाव्यात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. हा आजार उंदीर आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरतो. वेळेवर औषध मिळाले तर तो बरा होतो. पण साधा फ्लू समजून डॉक्टर गोळी देतील, म्हणून त्यांनी विचारायच्या आधीच सांगा की आपण धबधब्याच्या पाण्यात उतरलो होतो.