विषाचे विघटन करणारी प्रथिने : निर्देशित उत्क्रांतीचे तंत्र आणि त्याचा उपयोग

2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. निरनिराळ्या कीटकनाशकांच्या संपर्कातून होणाऱ्या अशा विषबाधेत सेंद्रिय फॉस्फरस गटातील रसायने विशेष धोकादायक ठरतात. शरीरात शिरलेल्या या विषाचे विघटन करू शकेल असे प्रथिन प्रयोगशाळेत घडविण्याचे प्रयत्न गेली काही दशके सुरू आहेत. त्यासाठी वापरले जाणारे निर्देशित उत्क्रांतीचे तंत्र पीक पैदासकाराच्या कामाशी जवळचे नाते सांगणारे आहे.

विष नेमके काय करते?

मज्जातंतूंकडून स्नायूंकडे संदेश नेणारे ॲसिटिलकोलिन हे द्रव्य काम संपताच नष्ट व्हावे लागते. हे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विष या विकराला चिकटून त्यास निकामी करते. परिणामी ॲसिटिलकोलिन साचत जाते. घाम व लाळ वाढते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि अखेरीस श्वसन थांबण्याचा धोका निर्माण होतो. उपचारात वापरले जाणारे ॲट्रोपिन साचलेल्या ॲसिटिलकोलिनचे दुष्परिणाम आवरते, तर प्रालिडॉक्सिम निकामी झालेले विकर पुन्हा कार्यक्षम करण्यास साहाय्य करते. रक्तात फिरणाऱ्या विषाचे विघटन मात्र या दोहोंपैकी एकही औषध करीत नाही. ती उणीव योग्य विकर भरून काढू शकते, कारण विकराचा एक रेणू विषाच्या अनेक रेणूंचे एकामागून एक विघटन करतो.

भातखाचरातील जीवाणू

असे विकर निसर्गात उपलब्ध आहे. 1973 मध्ये एन. सेतुनाथन आणि टी. योशिदा या शास्त्रज्ञांनी डायझिनॉन व पॅराथिऑन यांचे विघटन करणाऱ्या फ्लॅव्होबॅक्टेरियम जीवाणूची माहिती प्रसिद्ध केली. हा जीवाणू फिलिपिन्समधील डायझिनॉन वापरलेल्या भातखाचराच्या पाण्यातून मिळाला होता. अशा जीवाणूंतील ऑर्गनोफॉस्फरस हायड्रोलेज हे विकर पॅरॉक्सॉनसारख्या विषाचे विघटन अत्यंत वेगाने करते. क्लोरपायरीफॉसवर मात्र त्याचा वेग फारच मंद असतो. शेतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकावरच विकर दुबळे पडत असेल, तर त्यात सुधारणा करणे अपरिहार्य ठरते.

तंत्राचे टप्पे

1. विकराची माहिती ज्या जनुकात असते, त्या जनुकात यादृच्छिक बदल घडवून त्याच्या हजारो आवृत्त्या तयार केल्या जातात.
2. प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र जीवाणूत घालून तिचे प्रथिन तयार करवून घेतले जाते.
3. सर्व प्रथिनांची अपेक्षित गुणासाठी चाचणी घेऊन सरस ठरलेली निवडली जातात.
4. निवडलेल्या जनुकांत पुन्हा बदल करून किंवा त्यांचे तुकडे परस्परांत मिसळून पुढची पिढी तयार केली जाते.

सरस झाडे निवडावीत, त्यांचा संकर करावा आणि पुढच्या पिढीत पुन्हा निवड करावी, असाच हा क्रम आहे. अमेरिकेतील फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी 1993 मध्ये सबटिलिसिन या विकरावर हा प्रयोग यशस्वी केला. त्यांना 2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा भाग जॉर्ज स्मिथ व ग्रेगरी विंटर यांना विभागून देण्यात आला. जीवाणूभक्षी विषाणूच्या पृष्ठभागावर प्रथिने मांडून त्यांतून नेमके हवे ते निवडण्याचे तंत्र स्मिथ यांनी विकसित केले आणि विंटर यांनी ते प्रतिपिंडांसाठी वापरले. त्याच मार्गाने तयार झालेल्या ॲडालिमुमॅब या संधिवातावरील औषधास 2002 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

उपचार आणि निदान

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी ऑर्गनोफॉस्फरस हायड्रोलेजवर हेच तंत्र वापरले. क्लोरपायरीफॉसचा थर दिलेल्या पेट्री डिशमध्ये ज्या वसाहतींभोवती स्वच्छ वलय सर्वांत लवकर उमटले, त्या निवडण्यात आल्या. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जनुकमिश्रणाच्या दोन फेऱ्यांनंतर क्लोरपायरीफॉसवरील विकराची कार्यक्षमता 700 पटींहून अधिक वाढली. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत डॅन तौफिक यांच्या गटाने रक्तातील पॅरॉक्सोनेज 1 या विकरात असेच बदल घडविले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, युद्धात वापरल्या जाणाऱ्या याच कुळातील विषापासून उंदरांचे संरक्षण झाले; मात्र विकर विषापूर्वी टोचण्यात आले होते.

निदानासाठीही हीच प्रथिने उपयुक्त आहेत. विघटनाच्या वेळी आम्ल मुक्त होते. पॅराथिऑनसारख्या रसायनापासून पिवळ्या रंगाचे द्रव्यही तयार होते. आम्लता किंवा रंग मोजून पाण्यातील व शेतमालातील अवशेष ओळखणारे जैवसंवेदक यावर आधारलेले आहेत.

मर्यादा आणि बोध

या तंत्रात निवड जशी, तसे फळ मिळते. बागायती वाफ्यात निवडलेले वाण कोरडवाहू शेतात टिकेलच असे नाही. त्याचप्रमाणे परीक्षानळीत सरस ठरलेले विकर रक्तात टिकेलच असे नाही. शरीर परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकार उभारते आणि ते लवकर बाहेरही टाकते. म्हणूनच ही विकरे अद्याप विषबाधेच्या नेहमीच्या उपचारांत आलेली नाहीत.

तोपर्यंत विस्तार कार्यकर्त्यांचा संदेश बदलत नाही. फवारणीच्या वेळी संरक्षक कपडे, हातमोजे व मुखपट्टी वापरावी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये. अंगावर द्रावण सांडल्यास कपडे तत्काळ काढून साबणाने भरपूर पाण्यात धुवावे. लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास दवाखान्यात न्यावे आणि औषधाचे वेष्टन किंवा माहितीपत्रक सोबत घ्यावे. विष कोणत्या गटातील आहे, हे कळले तरच डॉक्टरांना योग्य उतारा वेळेवर देता येतो.