नस्ती एक, कार्यालये अनेक

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूर येथे भरते, त्यामागे २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेला नागपूर करार आहे. शासनाने वर्षातील काही काळ नागपूरला राहावे आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे घ्यावे, असे त्या करारात ठरले होते. काही वर्षांचे अपवाद सोडल्यास राज्याच्या स्थापनेपासून हा परिपाठ चालू आहे. अलीकडचा अपवाद २०२० व २०२१ या करोना साथीच्या वर्षांचा. या कराराच्या राजकीय बाजूचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. प्रशासनापुढे मात्र त्याने एक निराळाच प्रश्न उभा केला. मुंबई आणि नागपूर या आठशेहून अधिक किलोमीटर अंतरावरील दोन शहरांतून एकच काम एकाच वेळी कसे करावयाचे?

केवळ कागदावर कारभार चाले तेव्हा याचे उत्तर सोपे होते आणि कष्टाचेही. नस्त्यांचे गठ्ठे बांधावयाचे, ते नागपुरास न्यावयाचे आणि अधिवेशन संपताच परत आणावयाचे. एखादे पत्र मुंबईच्या कपाटात राहिले, की नागपुरातील कार्यासनाचे काम अडलेच म्हणून समजावे.

तारांकित प्रश्नाचे उदाहरण घेऊ. गडचिरोली जिल्ह्यातील शाळाखोल्यांच्या दुरुस्तीविषयी प्रश्न आला, असे समजू. माहिती पंचायत समितीकडून जिल्हा परिषदेकडे आणि तेथून विभागाकडे यावयाची. निधीचा मुद्दा असल्यास वित्त विभागाचे मत घ्यावयाचे. कार्यासनाने उत्तराचा मसुदा करावयाचा आणि तो सचिवांमार्फत मंत्रिमहोदयांकडे जावयाचा. प्रत्येक टप्प्यावर मसुद्याची नवी प्रत निघते. दुरुस्त झालेल्या खोल्यांचा आकडा मध्येच बदलला, तर तो कोणत्या प्रतीत बदलला आणि कोणत्या प्रतीत जुनाच राहिला, हे कळणे कठीण. असे चुकीचे उत्तर सभागृहात गेले तर त्याची झळ त्या गावच्या मुलांना लागते. दुरुस्ती झाल्याची नोंद होते आणि छप्पर गळतच राहते.

ई-मेलने हा दोष गेला नाही, उलट प्रती वाढल्या. मजकूर माणसांकडे पाठविण्याऐवजी माणसांनी एका ठिकाणी ठेवलेल्या मजकुराकडे यावे, हा खरा उपाय होय. ही कल्पना आजची नव्हे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे, दूरच्या प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्यासह पडद्यावरील एकाच मजकुरावर काम करून दाखविले होते. गुगल डॉक्स, मायक्रोसॉफ्ट टीम्स, स्लॅक यांसारख्या आजच्या प्रणाली याच वाटेने आल्या. विषयवार संभाषण, सामाईक दस्तऐवज, कोणते काम कोणाकडे व कोणत्या तारखेपर्यंत हे दाखविणारा फलक आणि दूरदृश्य बैठक ही त्यांची मुख्य अंगे. नागपूरच्या मिहान प्रकल्पात ज्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या आहेत, त्यांच्यासारख्या अनेक शहरांत पसरलेल्या उद्योगांचे दैनंदिन काम अशा साधनांवाचून चालणे अवघड आहे.

शासकीय कामकाजाची गरज याहून थोडी वेगळी. येथे काम लवकर होणे पुरेसे नाही. कोणी, कोणत्या अधिकारात, काय लिहिले, हे वर्षानुवर्षे सिद्ध करता आले पाहिजे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-ऑफिस प्रणाली या गरजेतून घडली. तिच्यात टिप्पणी प्रथम पिवळ्या पृष्ठावर लिहिली जाते. तोवर ती खोडता येते, बदलता येते. कायम केल्यावर ती हिरव्या पृष्ठावर जाते आणि मग लिहिणाऱ्यालाही तिला हात लावता येत नाही. मतभेद असल्यास त्याने खाली दुसरी टिप्पणी लिहावी. कागदी नस्तीतील उत्तम शिस्त यंत्राने उचलली, ती अशी. इलेक्ट्रॉनिक अभिलेख व स्वाक्षरी यांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने कायदेशीर मान्यता दिली असल्याने अशा नस्तीचे मोल कागदाहून कमी ठरत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत असंख्य नस्त्या भस्मसात झाल्या. एकच कागदी प्रत असण्याचा धोका त्या दिवशी साऱ्या राज्याला दिसला.

दुसरा लाभ विलंबाबाबतचा आहे. कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कार्यालयीन दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध यासंबंधीचा राज्याचा २००५ चा अधिनियम सांगतो. कागदी व्यवहारात हे सात दिवस मोजावयाचे कोणी, हाच प्रश्न असे. ई-ऑफिसमध्ये नस्ती कोणाकडे कधी आली आणि कधी पुढे गेली, याची नोंद आपोआप होते. काही ठिकाणी या प्रणालीविषयी जो निरुत्साह आढळतो, त्याचे एक कारण येथेही असू शकेल.

बऱ्याच कार्यालयांत व शाळांत व्हॉट्सॲपचा गट म्हणजेच ऑनलाइन कामकाज, असा समज रूढ झाला आहे. निरोपासाठी हे साधन उत्तम आहे. अभिलेख म्हणून ते निरुपयोगी होय. सूचना शेकडो संदेशांखाली दडते आणि अधिकाऱ्याची बदली झाली की भ्रमणध्वनीबरोबर ती निघून जाते. केंद्रप्रमुखांनी पटसंख्या गटावर मागविली तर प्रत्येक मुख्याध्यापक स्वतंत्र संदेश पाठवितो आणि कोणीतरी ते आकडे पुन्हा उतरवून काढतो. सामाईक तक्त्यात प्रत्येकाने आपली एक ओळ भरली, तर हे दुहेरी श्रम वाचतात.

ग्रामपंचायतींना सामाईक कामाचा परिचय ई-ग्रामस्वराज या प्रणालीमुळे झालाच आहे. ती २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तिच्यातील देयक प्रदानाच्या व्यवस्थेत एकाने नोंद करावयाची व दुसऱ्याने ती तपासून मान्य करावयाची, अशी रचना असून सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या त्यासाठी लागतात. दोन्ही स्वाक्षऱ्यांची साधने व संकेतशब्द एकाच संगणकचालकाच्या खणात राहिले, तर दोघांची तपासणी कागदावरच उरते आणि गैरव्यवहार झाल्यास उत्तर मात्र स्वाक्षरी ज्याच्या नावाची, त्यालाच द्यावे लागते. साधन स्वतःजवळ ठेवणे आणि मान्यता देण्यापूर्वी देयक मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहणे, हे काम सरपंचांनी दुसऱ्यावर सोपविता येण्याजोगे नाही.